नदीकडे निघालेले ठिपके

नकाशा उघडला की मी सगळ्यात आधी आमच्या घराचं छप्पर शोधायचे. कामाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण हात आपोआप तिकडे जायचा. माउसचं चाक फिरवत जवळ जवळ जायचं: आधी भीमा, मग वडगाव रासाई, त्याच्या थोडं खाली आमचं गाव, मग मशिदीचा पांढरा चौकोन आणि त्याच्या शेजारी निळा पत्रा. तो आमचा गोठा. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. नकाशात पाण्याच्या मधोमध एक तुटक रेघ होती, तालुक्याची हद्द. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ती मी एकदा फोनवर दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "आन् मग मासं कुन्या तालुक्याचं?"

मी तेव्हा शिरूरला खोली घेऊन राहत होते आणि एका नियंत्रण कक्षात कंत्राटी ऑपरेटर होते. हायवेवर टँकर उलटला, सणसवाडीकडे एखाद्या कारखान्यात वायू गळला, नदीला पूर आला, काहीही झालं की त्याची खूण आमच्या नकाशावर यायची. खुणेवर क्लिक केलं की जवळची रुग्णवाहिका कुठे, बोट कुठे, लोकांना हलवायला शाळा कुठली, सगळं उघडायचं. आणि हिरवे ठिपके होते ते स्वयंसेवक. गावोगावच्या तरुणांना प्रशिक्षण दिलं होतं, एकेक नारिंगी जाकीट दिलं होतं आणि त्यांच्या फोनमध्ये आमचं ॲप घातलं होतं. फोन जिथे जाईल तिथे ठिपका जायचा. आमच्या गावचा ठिपका माझा नवरा होता.

त्या ठिपक्याने माझी चांगली करमणूक केली. रानात पाणी धरतोय म्हणून सांगायचा आणि ठिपका चहाच्या टपरीवर. मी लगेच फोन करून विचारायचे, चहात साखर बरोबर पडलीय ना? "सरकारनं बायकूला दुर्बीन दिली रं," असं तो दोस्तांमध्ये सांगत फिरायचा. मला त्याची मजा वाटायची आणि थोडा गर्वही. इतक्या लांबून माणसावर नजर ठेवता येते म्हणजे त्याची काळजी घेता येते, अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता. लख्ख ऊन पडलं होतं. आमच्या भागातला पूर असाच येतो. वर घाटात कोसळत राहतं, धरणं भरतात, आणि इथे खाली कोरड्या उन्हात नदी फुगते. लोक अंगणात धान्य वाळत घालून बसलेले असतात. दुपारी वरून निरोप आला की धरणातून पाणी सोडतायत, संध्याकाळपर्यंत ते आपल्या हद्दीत पोचेल.

आमचे साहेब शांत माणूस होते. ते चिडायचे नाहीत, चिडायचं काम माझ्याकडे होतं. आम्ही दोघांनी मिळून संदेश लिहिला. नदीत पाणी सोडण्यात येत आहे, संध्याकाळपर्यंत पातळी वाढेल, नदीकाठी कोणी जाऊ नये. वेळ सांगितली नाही तर लोक उगाच घाबरतात, असं साहेबांचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. मग मी नकाशावर नदीच्या दोन्ही काठांनी माउसने कोपरे टाकत गेले. शेवटचा कोपरा पहिल्याला जोडला की आतला भाग लाल होतो आणि त्या भागातल्या सगळ्या फोनवर संदेश जातो. आमचं शेवंतीचं रान लाल झालं. गोठा थोडक्यात बाहेर राहिला.

थोडा वेळ काहीच हललं नाही. मग वरच्या अंगाच्या एका गावातला ठिपका हलला. मग त्याच्या खालच्या गावातला. पलीकडे दौंडच्या बाजूलाही दोन-तीन हलले. सगळे घराकडून निघून लाल पट्ट्याकडे सरकत होते.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "बघा ताई, पोरं काठावर निघाली. आता लोकांना मागे हटवतील."

मी मान हलवली. पोरं त्यासाठी निघाली नव्हती.

माझं माहेर कासुर्डीचं, हायवेच्या कडेचं. नदी काय असते ते मला लग्नानंतर कळलं. पहिल्याच पावसाळ्यात एकदा अख्खं गाव दोर, बांबू घेऊन नदीकडे पळत सुटलं. मला वाटलं, कोणी बुडालं. सासूबाईंनी हसून सांगितलं, पाणी येतंय, मोटारी काढायला निघालेत. नदीकाठच्या प्रत्येक रानाची पाण्याची मोटार अगदी पाण्यालगत बसवलेली असते. ती वाहून गेली की शेवंती करपते, कांद्याचं रोप जातं, गोठ्यातल्या हौदात पाणी पडत नाही. एकट्याने ती निघत नाही. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी आहे की सगळ्यांनी मिळून सगळ्यांच्या मोटारी काढायच्या आणि शेवटची वर आल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. चांगली पद्धत आहे. मला तिचं फार कौतुक होतं.

पाणी येतंय म्हटल्यावर माणूस नदीपासून लांब पळतो, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे ते ऐकून माणूस नदीकडे पळतो. आणि आम्ही तर त्यांना वेळही सांगितली होती. जाऊ नका हे कोणी वाचलंच नसणार, संध्याकाळपर्यंत एवढंच वाचलं असणार.

मी साहेबांना हे सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी लगेच दुसरा संदेश पाठवायला लावला. मोटारी काढण्यासाठी नदीत उतरू नये. ज्यांना मोटारीची आठवण राहिली नव्हती त्यांनाही त्यामुळे झाली असावी, कारण आणखी ठिपके निघाले.

आमच्या गावचा ठिपका आधीच काठावर होता. मी फोन लावला.

"अहो, वर या."

"आलोच. आपली निघाली. आता चाचांची ऱ्हायलीय."

चाचा म्हणजे आमचे शेजारी. त्यांचं घर मशिदीला लागून, आमच्या घराइतकंच जुनं. दोन्ही रानांची पाइपलाइन एकाच चरातून गेलेली. चाचांचं वय झालं होतं आणि मुलं सणसवाडीला कामाला होती, त्यामुळे त्यांची मोटार आम्हीच काढायची हे ठरलेलंच होतं.

"आबा कुठे आहेत?"

"हितंच हायेत खाली, दोर धरून. तू कशापायी घाबरतीस? संध्याकाळपतूर टाइम हाय. तुझाच मेसेज हाय न्हवं?"

"माझाच आहे, आणि मीच सांगते, वर या. तुम्ही लाल पट्ट्यात आहात."

"आमचं रानच तू लाल करून ठिवलंयस. जायचं कुठं मानसानं?" मागे कोणीतरी हसलं. त्याने फोन ठेवला.

मला असा राग आला की फोन टेबलावर आपटावासा वाटला. रागात मी त्याच्या नावाने जे बोलले ते साहेबांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

मग दुसरा निरोप आला. शेजारच्या खोऱ्यातूनही पाणी वाढवलं होतं. दोन्ही नद्यांचं पाणी आमच्या गावाच्या वर एक होतं. नकाशावर वरच्या पुलाची खूण काळी झाली, म्हणजे पूल बंद. पाण्याची पातळी दाखवणारा आकडा दर वेळी बघावा तर वाढलेला. आता संध्याकाळची वाट बघायची गरज नव्हती. साहेबांनी दौंडकडची बोट मागवली. बोटीची खूण रस्त्यावरून गाडीच्या वेगाने निघाली. वेग चांगला होता, तरी मला ती रांगतेय असं वाटत होतं. मी लाल पट्टा आणखी रुंद केला. या वेळी गोठाही आत आला.

वरच्या गावांतले ठिपके एकेक करून पट्ट्याबाहेर यायला लागले. त्यांना पाणी दिसलं असणार. प्रत्येक ठिपका बाहेर आला की साहेब पुटपुटायचे, आला, आला. माझं लक्ष एकाच ठिपक्यावर होतं आणि तो हलत नव्हता. फोन लागत नव्हता. मी पुन्हा पुन्हा लावत होते. दुसऱ्या गावांचे फोन येत होते, तेही घेत होते, शाळेचं नाव सांगत होते, जनावरं सोडून द्या म्हणत होते. माझ्या आवाजात काही फरक पडला नाही, असं नंतर साहेबांनी सांगितलं. मला त्यातलं एक वाक्यही आठवत नाही.

आणि मग तो हलला. रानाच्या बांधावरून वर आला, वळला, लाल पट्टा ओलांडून मशिदीच्या कोपऱ्यावर येऊन थांबला. साहेबांनी टाळी वाजवली. "ताई, आले बघा!" मी हसले, रडले, त्याच्या नावाने शिव्याही घातल्या. ठिपक्यावर क्लिक केलं. त्याचा फोटो उघडला, प्रशिक्षणाच्या दिवशी काढलेला, आणि फोटोखाली शब्द आला: सुरक्षित. आता याला असं झापते, म्हणून मी फोन लावला. लागला.

"हां, बोल पोरी." आबांचा आवाज होता.

"आबा? त्यांना द्या फोन."

"त्यो खाली हाय. फोन भिजंल म्हनून माझ्याकडं दिला आन् मला वर धाडलं. जाकीटबी मलाच घातलंय. चाचाबी वर आलाय, हितंच हाय. लोकं त्याच्या कमरंचा दोर धरून काठावर हायेत, हितनं दिसत्यात, त्यो तेवढा नटबोल्ट सोडाया खाली उतरलाय. यील आता."

मी उभी राहिले.

"आबा, पाणी संध्याकाळी नाही, आत्ता येतंय. हाका मारा त्यांना. दोघंही मारा."

त्यांनी मारल्या. फोन तोंडापासून लांब धरून मारल्या असणार, कारण आवाज बारीक येत होता. चाचांचाही आला. मग त्या दोघांच्या मागून दुसरा आवाज यायला लागला. आधी मला तो वारा वाटला. काठावरची माणसं ओरडायला लागली, वर या, वर या, आणि मग पळायला लागली असावीत, कारण ओरडणं फोनच्या जवळ जवळ येत गेलं. त्यात माझ्या नवऱ्याचा आवाज मी शोधत होते.

"पोरी," आबा म्हणाले, "दोर ढिला पडलाय."

ते खाली जायला निघतील याची मला भीती वाटली. दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणाले, "आबा, तिथून हलू नका. मला तुम्ही इथे दिसताय. मी बघतेय तुमच्याकडे. एक पाऊलही हलू नका."

"बरं," ते म्हणाले.

बोट आली, अंधार पडेपर्यंत फिरली. साहेबांनी माझ्या जागी दुसऱ्याला बसवायला बघितलं, पण मी उठले नाही. गोठा पाण्यात गेला. नकाशावर आमच्या गावात एकच ठिपका होता, मशिदीच्या कोपऱ्यावर, हिरवा. तो कोणाचा आहे हे मला माहीत होतं. तरी मी त्याच्यावर क्लिक करत राहिले, कारण क्लिक केलं की नवऱ्याचा फोटो यायचा. पुढे फोनची बॅटरी संपली आणि ठिपका करडा झाला.

सकाळी दौंडच्या अलीकडे माझा नवरा सापडला. काठावरच्या बाभळींनी अडवून धरला होता. ओळख पटवून मी गावी निघाले. साहेबांनी गाडी दिली आणि स्वतः सोबत आले. बातमी माझ्याआधी कोणी पोचवू नका, असं मी सगळ्यांना बजावलं होतं.

मशिदीच्या कोपऱ्यावर चाचा भिंतीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी तोंड झाकून घेतलं. रात्रभर आम्ही आबांना विनवण्या केल्या, घरात चला म्हणालो, पण त्यांनी ऐकलंच नाही, असं चाचांच्या सुनेने मला हळूच सांगितलं. आबा उभे होते. अंगात नारिंगी जाकीट, सगळे पट्टे आवळलेले, आणि बंद पडलेला फोन दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. पायाखाली चिखल होता आणि त्यात त्यांची पावलं रुतून बसली होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. काय ते त्यांना कळलं असणार. पण आधी त्यांनी मला वेगळंच सांगितलं.

"मी हललो न्हाई पोरी. तू म्हनलीस तवापास्नं हितंच हाय."