छाननीबाई आणि वणव्याची जागा

आमच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ चाळीस आणि त्या चाळिसांना पुरून उरणाऱ्या बाई एक. हुद्द्याने त्या आस्थापना शाखेच्या मुख्य लिपिक. पण नोकरीचा कुठलाही अर्ज त्यांच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय संचालकांच्या टेबलावर पोचत नसे, म्हणून सगळे त्यांना मागे छाननीबाई म्हणत. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर सहा वर्षं काढली आणि त्यांची इतकी बोलणी खाल्ली, की घरी आई रागावली तर मला ती लाड करतेय असं वाटायचं.

बाईंची एक पद्धत होती. जाहिरातीत पाच कागद मागितले असतील, तर अर्जाला पाचच राहायचे. सहाव्यापासूनचे सगळे त्या न वाचता सोडवून घेत, फितीने बांधत आणि खालच्या कपाटात टाकत. "जाडीला गुण नाहीत," त्या म्हणत. नोकरीत नव्या असताना त्यांनी कुणा साहेबांच्या भाच्याला शिफारशीच्या चोवीस पत्रांवर नोकरी मिळताना पाहिलं होतं. त्याच्याहून हुशार असलेला उमेदवार हात हलवत परत गेला होता. तेव्हापासून हा नेम, आणि मला तो मनापासून पटायचा.

त्या वर्षी वणव्याची जागा निघाली. वणवा जंगलाचं काय करतो, जळाल्यावर तिथे काय उगवतं, याचा अभ्यास करणारा संशोधक हवा होता. पद तीन वर्षं रिकामं पडलेलं. पुढच्या महिनाअखेरपर्यंत भरलं नाही, तर नियमाप्रमाणे कायमचं रद्द. जाहिरातीत 'आग' वाचून अग्निशमन दलातल्या सात जणांनी अर्ज केले. एकाने तर पितळी टोप घातलेला फोटो डकवला होता. बाईंनी तो बराच वेळ न्याहाळला. "दिसतो रुबाबदार," म्हणाल्या आणि लाल रेघ मारली.

उरले चार. त्यातल्या तिघांचे विषयच वेगळे होते. चौथी एक मुलगी होती. अट तीन वर्षांच्या अनुभवाची, आणि तिच्या वनाधिकाऱ्याने दाखला दिला होता, 'वणव्याचे पाच हंगाम काम केले.' हंगाम पाच महिन्यांचा. बाईंनी पाच पंचे पंचवीस केले, छत्तिसातून वजा केले आणि लिहिलं, 'अपात्र. अकरा महिने कमी.' वर संचालकांना कळवलं, पात्र उमेदवार एकही नाही.

आक्षेप घ्यायला सात दिवस असतात. मुलगी आली नवव्या दिवशी, कारण जंगलातल्या तिच्या छावणीवर टपाल आठवड्यातून एकदाच जायचं. बूट धुळीने माखलेले, हातात आमचं पत्र. ती बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, मला एवढंच सांगा, वर्षाचे उरलेले सात महिने मी काय करत होते असं तुम्हाला वाटलं?"

"जे कागदावर नाही, त्याबद्दल मला काही वाटत नाही," बाई म्हणाल्या.

"कागदावर आहे ना. एकशे बारा पानं जोडली होती मी. आग काय, चार दिवसांत विझते. खरं काम तर त्यानंतरचं."

बाई उठल्या. खालच्या कपाटातून त्यांनी गठ्ठा काढला, फीत सोडली आणि उभ्या उभ्याच वाचू लागल्या. जळालेल्या जमिनीचे शंभर चौकोन आखून दर पंधरवड्याला तिने प्रत्येकाची नोंद केली होती. कुठे गवत चार बोटं, कुठे रोप एक, ओळख पटली नाही. पाच वर्षांत एक पंधरवडा चुकलेला नव्हता. नोंद चुकली असेल तिथे एकच आडवी रेघ, शेजारी तारीख आणि सही. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"हे असं लिहायला कोणी शिकवलं?"

"कुणीच नाही. खरवडून काढलं, तर काय चुकलं होतं तेच मग कळत नाही."

सहा वर्षांत बाईंनी माझ्याकडे कधी मदतीसाठी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

आक्षेपाची मुदत संपलेली. आता रस्ता एकच होता. छाननी करणाऱ्याने स्वतः चूक लेखी कबूल करायची, मग वरिष्ठ कार्यालय अर्ज पुन्हा उघडतं आणि कबूल करणाऱ्याच्या सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा चढवतं. बाईंच्या निवृत्तीला चार महिने होते. चौतीस वर्षांच्या त्या पुस्तकात एक डाग नव्हता, आणि हे आम्हाला ठाऊक होतं, कारण त्या आठवड्यातून एकदा तरी सांगायच्या.

संचालक भला माणूस, पण भित्रा. "बाई, कशाला हात दाखवून अवलक्षण? फार तर तिने कागद उशिरा दिले असं लिहू."

"आवक शिक्का वेळेतला आहे, साहेब. आणि खोटं तिच्या माथी का?"

तरी त्या शुक्रवारी बाईंनी काही लिहिलं नाही. रविवारी मला राहवेना, मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि बायकोची थट्टा करायचे, दोन्ही मन लावून. "ये. दोन दिवस धड जेवली नाही ती. लग्नाच्या वेळी माझीही छाननी झाली होती. त्यात राहिलेल्या त्रुटी बिचारी अजून भोगतेय, पण जेवण नव्हतं सोडलं!"

बाई जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, नका लिहू. नियमाने तुमचं बरोबरच होतं."

"लाज वाटते गं," त्या म्हणाल्या. "शेऱ्याची नाही. त्या कपाटात अजून किती गठ्ठे आहेत, माहीत आहे तुला? मीच बांधलेत. न वाचता."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, आणि तेव्हा मला कळलं, की ही खाष्ट बाई मला किती आवडते.

सोमवारी टिपणी गेली. 'उमेदवाराने पुरावे वेळेत जोडले होते. ते मी न वाचता बाजूला केले. उमेदवार पात्र आहे. चूक माझी.' उत्तर बाराव्या दिवशी आलं. मुलाखत झाली, आणि पद रद्द व्हायला दोन दिवस असताना मुलगी रुजू झाली. उत्तराच्याच टपालाने बाईंचा शेराही आला होता. तो त्यांनी स्वतःच आवक नोंदवहीत चढवला होता.

निरोप समारंभाला सभागृह भरलं होतं. संचालक सेवापुस्तक समोर ठेवून बोलत होते. "चौतीस वर्षं निष्कलंक सेवा! एकही प्रतिकूल शेरा..."

"एक आहे, साहेब," बाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "पान उलटा."

"अहो बाई, आजच्या दिवशी कशाला..."

"आजच. बाकी सगळे नियमाने आले असते, मी असते-नसते तरी. ही एक मुलगी त्या शेऱ्याने आली. तोच गाळलात, तर मग मी इथे केलं काय?"

साहेबांनी चष्मा पुसला, पान उलटलं आणि शेरा वाचू लागले. मागच्या रांगेत ती मुलगी ओंजळीत तोंड लपवून रडत होती. बाई मात्र ताठ बसून, वाचताना एखादा शब्द सुटत नाही ना, हे ऐकत होत्या.