क्रोकसला थंडी लागते

गोंदियात क्रोकस फुलत नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं. म्हणूनच मी कंद मागवले.

क्रोकस म्हणजे केशराच्या नात्यातलं, बर्फातून डोकं काढणारं जांभळं फूल. आपल्याकडे बर्फ फक्त फ्रिजमध्ये! तेव्हा कंदांचा हिवाळा तिथेच काढायचा ठरला. पिकलेली फळं शेजारी असली की कंदातली कळी मरते म्हणे. मी फ्रिजवर पाटी लावली: फळांना मनाई.

"मग सीताफळं कुठं ठेवायची वो?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"पोटात."

(सल्ला त्यांनी इतका मनावर घेतला, की दोन दिवस पोट धरून बसले.)

एवढा खटाटोप मुलाच्या, निलेशच्या लग्नासाठी. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होते. आता तिच्या आईला आमचं घर पसंत पडायचं होतं. दारात क्रोकस पाहून बाई चाटच पडतील, असा माझा बेत!

कंद कुंड्यांत गेले. बारीक, लांब पानं आली.

"आई, हा तर घासच उगवून राहिला!" निलेश म्हणाला.

"कळ्या येतील. तू शर्टाला इस्त्री कर."

आणि पाहुणे यायच्या सकाळी पानांच्या बुडाशी खरंच जांभळी टोकं दिसली! पाहुण्यांना अंगणात बसवून मी पोहे आणायला आत पळाले.

मुलीच्या आईचा जन्म धानाच्या बांधीत निंदण करण्यात, तण उपटण्यात गेलेला. मी बशा घेऊन बाहेर आले, तर त्या पदर खोचून उभ्या आणि कुंड्या साफ!

"ताई, रिकामं कायले बसायचं? तुमच्या कुंड्यांत मोथा लय माजला होता जी. गाठीसकट उपटला, नाहीतर तो मरत नाही."

"कुठं... टाकला?"

"ही शेळी उभीच होती ना!"

शेजारच्यांची शेळी शेवटचा घास चघळत माझ्याकडे पाहत होती. दाराआडून निलेश हात जोडत होता. ह्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"बरं केलं जी," मी म्हणाले. "मला वेळच होत नव्हता."

घर पसंत पडलं. लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात सूनबाई अदबीनं म्हणाली, "आई, घर तुम्हीच पाहा, कुंड्या तेवढ्या माझ्याकडे द्या. आमच्या आईनं बजावून पाठवलं आहे: सासू लय हुशार आहे, फक्त तिले मोथा ओळखता येत नाही."