मामाच्या मोटरीवरचा डबा

घनसावंगीकडे मामाच्या विहिरीवर मी स्वतः बनवलेला डबा बसवला होता. त्याचं काम एकच: विहिरीतलं पाणी संपलं की मोटर बंद करायची. पहिल्याच दिवशी पाणी संपलं आणि मोटर कोरडीच फिरत राहिली. मामाने धावत जाऊन खटका पाडला म्हणून वाचली.

"भाचेबुवा, एक बार माफ," मामा म्हणाला. "पुन्हा असं झालं तर मंग तुझा डबा विहिरीत. मोटर जळली तर ऊस वाळंल माझा."

त्यात गावच्या माजी सरपंचांनी शुक्रवारी डब्याचं उद्घाटन ठरवून टाकलं होतं. नारळ, हार, भाषण. डबा चालतो की नाही, ही त्यांच्या दृष्टीने नंतरची बाब होती.

मी बाजेवर लॅपटॉप घेऊन बसलो. डब्यातल्या चिपमध्ये दोन प्रोसेसर. मोठा प्रोसेसर पडदा, बटणं आणि मोटर सांभाळतो. धाकटा फक्त पाइपातल्या पाण्यावर नजर ठेवून मोठ्याला कळवतो. संशय धाकट्यावर होता. पण डिबगर, म्हणजे चिपच्या आत काय चाललंय ते विचारायचं साधन, जोडला की मोठा सगळं सांगायचा, धाकटा मात्र ठार गप्प.

"काय करून राह्यला?" मामाने विचारलं.

"एकाची जबानी झाली. दुसरा बोलत न्हाई."

"दोन ठेवून दे त्याला."

दुपारी उलगडा झाला. धाकट्याला जागं करायचं काम मोठ्याचं, आणि मी डिबगर जोडताना दर वेळी अख्खी चिप रिसेट करत होतो. म्हणजे ज्याला प्रश्न विचारायचे त्यालाच आधी झोपवत होतो. चौकशी समित्यांची ही पद्धत माझ्या अंगात कुठून आली, कोण जाणे. मग धाकट्यासाठी डिबगरची वेगळी जोडणी केली: रिसेट बंद, मोठा त्याला उठवेपर्यंत थांबायचं, मग हळूच जोडून घ्यायचं.

धाकटा घडाघडा बोलला. 'पाणी नाही' हे तो अगदी वेळेवर कळवत होता. मोठ्याला ऐकायला फुरसत नव्हती. तो पडद्यावर माजी सरपंचांच्या स्वागताची पट्टी सरकवत होता. ती त्यांच्याच आग्रहाने घातलेली, त्यांच्या सगळ्या पदांसकट. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

"काढ ती पट्टी," मामा म्हणाला.

"अन् ते रुसले तर?"

"रुसू दे. ते जळत न्हाईत. मोटर जळती."

शुक्रवारी माजी सरपंचांनी बटण दाबलं, पाणी आलं, टाळ्या झाल्या. भाषण मात्र विहिरीतल्या पाण्याला पुरून उरलं. मध्येच मोटर थांबली. "बिघडलं वाटतं," कुणीतरी पुटपुटलं. मामा विहिरीत वाकून पाहून आला आणि एकटाच टाळ्या वाजवू लागला. माजी सरपंचांना वाटलं, भाषणालाच. त्यांना आणखी जोर चढला.