आंबट वावर

ज्याने उभी हयात दारूगोळ्याच्या सहवासात काढली त्यालाच मातीचं मोल कळतं, असं मामाजी म्हणत. जवाहरनगरच्या कारखान्यात ते कँटीन सांभाळत.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. निवृत्त होऊन दिघोरीला परतले, तेव्हा मोठ्या मामांनी त्यांना एक झुडपी तुकडा दिला. बोराटी, रुई खणून काढल्यावर खाली निघाली निव्वळ रेती. कँटीनचं वरण चाखावं तशी मामाजींनी ती जिभेवर ठेवली. "आंबट हाय." माती तपासणीवाल्यांनीही पुढे तेच कळवलं, तोंड वाकडं न करता.

"आंबट हाय तं चटणी वाट ना बे!" मोठे मामा म्हणाले.

आमच्याकडे जमीन दिसली की बांध घालून धान लावतात. त्यामागे विचार नसतो, सवय असते. मोठ्या मामांच्या हट्टापायी पहिल्या वर्षी तेच झालं. संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी गायब. रोवणा, म्हणजे लावलेलं धान, वाळला. "पुढच्या कापणीपरेंत खायाले काही निघालं नाही, तं मी निलगिरी लावतो," मोठ्या मामांनी बजावलं. जन्मभर क्वार्टरच्या कुंड्यांत शेती केलेल्या मामाजींचं हे पहिलंच वावर होतं.

मामाजींचं तत्त्व कँटीनचंच. "गिऱ्हाइकाले काय पचते ते पाहाचं. आपली आवड वाढाची नाही." गिऱ्हाईक म्हणजे इथे रेती. मेथी त्यांना जीव की प्राण, पण तिला आंबट माती सोसत नाही म्हणून नाकारली. कुंपणाला करवंद, कडेने बरबटी, म्हणजे चवळी, आणि बाकी सगळीकडे रताळ्याचे वेल.

"मामाजी, जेवाचं काय लावलं?" येणारेजाणारे विचारत. ताटात भात नसेल तर आमच्याकडे त्याला जेवण म्हणत नाहीत.

"जेवाचा दिवस येऊन राहिला," ते म्हणत.

तो कार्तिकी एकादशीला आला. गावभर उपास. मामाजींनी कुदळ घातली आणि भुसभुशीत रेतीतून लाल, दांडगी रताळी न तुटता वर आली. अंगणात रास पडली, घरोघरी टोपल्या गेल्या. मोठ्या मामांनी एक उकडलेलं रताळं खाल्लं, मग दुसरं. तिसरं सोलताना म्हणाले, "आंबट तं नाही लागून राहिलं बे." निलगिरीचं नाव पुन्हा निघालं नाही.

मामाजी आता नाहीत. त्या वावराची रताळी अजून कार्तिकीला गावभर जातात.

त्या पहिल्या एकादशीला आमच्या घरात भात खाणारे मामाजी एकटेच होते. त्यांना रताळं आवडत नसे.