व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटातला भुऱ्या

पाच वाजता लेकीला बघायला पाहुणे येणार होते. मुलाच्या आईला कुत्री खपत नाहीत हे कळल्यावर मी फोनवर बेधडक म्हणाले होते, "छे, आमच्याकडे कुत्रं नाही." आमचा भुऱ्या दुपारपासून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे लपवला होता.

शेवटचा हात म्हणून व्हॅक्यूम क्लीनर लावला, तर दिवाणखानाभर भुऱ्याचाच वास सुटला. घाईघाईने पिशवी झटकली, फिल्टर धुऊन ओलाच बसवला, वर कापराच्या चार वड्या आत टाकल्या. पुन्हा बटण दाबलं. देवघरात भिजलेलं कुत्रं शिरावं तसा वास आला.

आठ वर्षं गालिच्यावरून ओढलेलं सगळं या यंत्राने पोटात जपलं होतं. मी एका वाक्यात जे नाकारलं, ते आता हे यंत्र घरभर सांगत सुटलं होतं.

लेक साडीच्या निऱ्या धरून दारात उभी होती. "आई, माझं काय काय त्यांना खपणार नाही गं?"

मी यंत्र बंद केलं. वर भुऱ्या केव्हाचा भुंकत होता. पाचला पाच मिनिटं कमी होती.

"जा," मी म्हटलं, "त्याला खाली घेऊन ये."