प्रबंधातली खुडूक कोंबडी

पीएच.डी.साठी मी डॉ. शालिनी सावे यांच्याकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा बाईंनी माझे गुण विचारलेच नाहीत. कवच उघडलेलं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून "बघ" एवढंच म्हणाल्या. आत एक लाल ठिपका धडधडत होता. एव्हरशाईन सिटीतल्या घरी पोहोचेपर्यंत माझा निर्णय झाला होता.

मायक्रो-आरएनए हा शब्द तेव्हा वसईत काय, सगळीकडेच नवा होता. बाई तो सोप्या भाषेत समजावत. हे इवलेसे रेणू स्वतः प्रथिनं बनवत नाहीत, इतर जनुकांचे निरोप वेळेवर दाबतात. हृदय नीट घडणं त्यांच्यावर बरंच अवलंबून असतं आणि आजारी हृदयातही त्यांचं प्रमाण बिघडलेलं आढळतं. घरात सगळे एकदम बोलायला लागले तर स्वयंपाक होईल का, असं बाई वर विचारत.

असाच एक रेणू अडवून पाहणं हा माझा शेवटचा प्रयोग. प्रबंधाची मुदत संपत आलेली, अंडी उबवणीयंत्रात, आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज उद्याशिवाय येणार नव्हती आणि नव्यानं सुरुवात करायला दिवस उरले नव्हते. मी रडकुंडीला आले. बाई शांतपणे म्हणाल्या, "अंडी कोंबडीची ना? मग तिच्याकडेच नेऊ."

शालीत गुंडाळलेली अंडी घेऊन आम्ही रिक्षानं जवळच्या कामण गावी, बाईंच्या ओळखीच्या जानकीकाकूंकडे गेलो. त्यांची कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली होती. काकूंनी आमची अंडी तिच्याखाली सरकवली आणि मला बजावलं, "वाकून वाकून बघू नको. ती उठली तं परत बसनार नाय."

दुसऱ्या दिवशी वीज आली. अंडी परत आणून आम्ही निम्म्यांत तो रेणू अडवला, निम्मी तशीच ठेवली. पुढे उघडून पाहिलं तर तशी ठेवलेली हृदयं छान धडधडत होती आणि अडवलेल्यांच्या भिंती पातळ राहिल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

पण बाईंनी नवा घोर लावला. कार्यपद्धतीच्या प्रकरणात कोंबडी लिहायची. परीक्षक हसतील, प्रबंध परत पाठवतील, असं मी परोपरीनं सांगून पाहिलं. बाई ढिम्म. "ऊब तिनं दिली. यंत्राचं नाव कसं लिहायचं?"

मौखिक परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. ते चष्मा काढून म्हणाले, "हे लिहिलंत, म्हणून बाकीच्यावर माझा विश्वास बसला." इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

आज बाईंची एकसष्टी. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं ही आम्हा सर्वांचीच इच्छा. त्यात माझा थोडा स्वार्थही आहे. लिहायला धीर होऊ नये असं काहीतरी प्रयोगशाळेत अजूनही घडतं, आणि "लिहून टाक" म्हणणारं माणूस मला हवं आहे.