समाधानी प्रवाशांचं सर्वेक्षण

विषय : मुरबाडहून आमच्या गावी येणारी संध्याकाळची बस साडेपाचऐवजी साडेसहाला सोडण्याबाबत.
संदर्भ : या विषयाचं मी स्वहस्ते केलेलं वाटोळं.

महोदय, म्हणजे तुम्हीच. चहा घ्या आणि ऐका. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो.

आमचं गाव टोकावड्याच्या रस्त्यावरून आत. सून वंदना मुरबाडला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. तिची ड्युटी सुटते सहाला, बस सुटते साडेपाचला. मग ती जीपने येते. येते म्हणजे, मागच्या पायरीवर उभी राहून, दांडी धरून येते. मी रोज फाट्यावर बॅटरी घेऊन उभा. आधी टपावरची माणसं दिसतात, मग लोंबकळणारी, आणि त्यांत वंदना दिसेपर्यंत माझा जीव माझ्या ताब्यात नसतो.

दिवाळीपर्यंत बसची वेळ बदलली नाही तर वंदनानं नोकरी सोडायची, असं मुलानं ठरवून टाकलं. त्या दिवशी वंदनाच्या हातून भांडी जरा जोरात वाजली.

गावानं अर्ज माझ्याकडे सोपवला. आयुष्य कचेरीत गेलेलं, साधा अर्ज लिहिणं मला कमीपणाचं वाटलं. त्यात वाचनालयातून संख्याशास्त्राचं पुस्तक आणलेलं. सरासरीपर्यंत वाचून झालं होतं, म्हटलं एवढ्यावर भागेल. शिवाय कचेरीतला माझा अनुभव असा, की काही मागण्याआधी साहेबाला बरं वाटेल असं काहीतरी वर ठेवावं. तेव्हा अर्जाला जोडपत्र लावायचं : प्रवासी समाधान सर्वेक्षण. आधी कौतुक, खाली मागणी.

आता बसच्या प्रवाशांना गाठायचं कुठं? बसमध्ये. मी आठवडाभर साडेपाचच्या बसमध्ये खिडकीशी बसलो आणि शेजारी येईल त्याला विचारत गेलो, "या बसच्या वेळेबाबत समाधानी आहात का?"

"लय बरी हाय, भाऊसाहेब," भाजीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन मालतीबाई म्हणाली. "माल खपला का गाडीत बसायचं. उजेडात घरी."

"आमाला काय तरास नाय," मागून एक म्हातारा.

कंडक्टर म्हणाला, "भाऊसाहेब, एवढी खूश पब्लिक या लाइनला मी पयल्यांदा बघतोय."

मी मान डोलावली. संशोधन अगदी एकमतानं चाललं होतं.

आगारातल्या साहेबांनी जोडपत्र वाचलं. त्यांना खरोखरच बरं वाटलं. इतकं, की त्यांनी खालची मागणी फेटाळली. "सगळेच समाधानी आहेत की. वेळ बदलली तर हे नाराज होतील."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सुपातली नजर न काढता म्हणाली, "अवो, गाडीत बसलेल्यांना विचारलंत गाडी जमते का. ज्यांना जमत नाय ती काय तुमच्या मांडीवर येऊन बसणार व्हती?"

मी पुस्तक पुन्हा उघडलं. सरासरीच्या पुढचंच प्रकरण होतं, नमुन्याची निवड. मुलं शाळा का सोडतात हे वर्गात हजर असलेल्यांना विचारू नये. औषधाचा गुण आला का हे फक्त पुन्हा दवाखान्यात आलेल्यांवरून ठरवू नये; गुण न आलेला दुसरीकडे गेलेला असतो, किंवा कुठंच जाण्याच्या अवस्थेत नसतो. शेती असो, मतदान असो, सगळीकडे हाच घोटाळा. ज्या लेखकानं आयुष्यात आमची बस पाहिली नसेल, त्यानं सगळं माझ्यावरच लिहिलं होतं.

मग दुसरं सर्वेक्षण, जीपच्या थांब्यावर. तिथं सगळ्यांना साडेसहाची बस हवी होती. साहेबांनी चष्मा पुसला. "पण काका, ही जीपची माणसं. आमचे प्रवासीच नाहीत."

दिवाळी जवळ येत होती. परतताना शेजारची सुमन ओट्यावर दिसली. ती आधी वंदनाबरोबरच कामाला जायची.

"सुमन, तू नाही गं भेटलीस कुठं. ना बसमध्ये, ना जीपवर."

"मी कशाला भेटते, भाऊसाहेब? जीपवरून पडता पडता वाचले, तवापासून काम सोडलं. आता मी कुठंच जात नाय. मला कोण इचारतंय?"

त्या रात्री वंदना समोर जेवायला बसली होती आणि मी ताट सरकवून नवा तक्ता आखायला घेतला.

तिसरं सर्वेक्षण मी घरोघरी केलं, पाड्यावरसुद्धा. काम सोडलेल्या बायकांना शोधून विचारलं. अर्ज घेऊन गेलो. या वेळी साहेबांनी मन लावून वाचला.

"हे पटतंय," ते म्हणाले. "वेळ बदलायला हवी. पण पहिलं सर्वेक्षण फाईलला लागलंय, त्याचं काय करू? निदान त्यातल्या पहिल्या प्रवाशानं तरी जबाब मागं घ्यायला हवा. 'पूर्ण समाधानी, वेळेत कोणताही बदल नको', असं ठणकावून लिहिलंय त्यानं."

"कोण हा शहाणा?" मी विचारलं.

साहेबांनी कागद माझ्याकडे फिरवला. पहिल्या दिवशी शेजारची सीट रिकामी होती. सुरुवात कुठून तरी करायची, आणि साहेबाला बरं वाटेल अशी करायची, म्हणून मी स्वतःलाच विचारलं होतं.

सदर प्रवाशाचं मत ग्राह्य धरू नये, असा अर्ज मी सदर प्रवाशाच्याच सहीनं दिला आहे. पोच मिळाली आहे. दिवाळी तोंडावर आली आहे, वंदना अजून जीपने येते आणि मी फाट्यावर उभा असतो. अर्ज प्रलंबित आहे.